सोलरची मोटार सकाळी फिरते, पण पाणी का येत नाही? शेजारच्या लाईटच्या 5 एचपीएवढं पाणी कधी मिळणार?

कांदेवाला_आष्टी

नमस्कार मंडळी. आष्टी तालुका, जिल्हा बीड. मागच्या वर्षी ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ या सरकारी योजनेत अर्ज केला, किमतीच्या दहा टक्के भरले, पाच एकराच्या आत जमीन म्हणून 5 एचपी मिळाला. 540 वॅटचे 9 पॅनल आहेत, विहिरीत ओपनवेल (पाण्यात बुडवून ठेवायची) मोटार. विहीर दहा परस, म्हणजे 60 फूट. सध्या पाणी 45 फुटांवर आहे. तिथून 800 फूट पाईपलाईन मळ्यात गेलीय, मळा विहिरीपेक्षा उंचावर आहे. पाईप जुनाच, दोन इंची (63 एमएम).

अडचण अशी. सकाळी साडेआठला कंट्रोलरचा डबा चालू होतो, मोटारीचा आवाज येतो, डब्यावर 34 हर्ट्झ दाखवतो आणि मळ्यात पाण्याचा थेंब नाही. पावणेनऊ-नऊला एकदम धार सुरू होते. दुपारी 48 हर्ट्झला 200 लिटरचं बॅरल भरायला 43 सेकंद लागतात. शेजारच्या चुलत्यांची लाईटवरची 5 एचपी तेच बॅरल 30 सेकंदात भरते. त्यांची विहीर वेगळी आहे, हे मान्य. तरी पाच म्हणजे पाच ना?

कंपनीच्या माणसाला फोन केला तर म्हणतो ‘साहेब, थंडीत ऊन कमी असतं.’ पॅनल कमी वॅटचे दिलेत का? की मोटार उलटी फिरतेय? पूर्वेला बाभूळ आहे, तिची सावली सकाळी दोन पॅनलवर येते, तेही सांगून ठेवतो. दोन एकर कांदा आहे, पाणी पुरेल का याचीच चिंता.

काळीमाती

दादा, सोलर म्हणजे खेळणं. ढग आला की बंद. आम्ही लाईटचं कनेक्शन सोडलं नाही, शहाणपणा केला.

ताई_मंठा

खेळणं म्हणणाऱ्यांनी रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन दारं धरायला जाऊन बघावं. आमच्याकडे रात्रपाळीची लाईट असायची तेव्हा घरातलं कुणीतरी एक जण रात्रभर बांधावर. एकदा पाइपावरच साप होता. आता माझं पाणी दिवसा होतं, मी स्वतः देते, कुणाच्या हातापाया पडत नाही. पाणी थोडं कमी येतं हे खरं. पण का येतं ते मलाही समजून घ्यायचंय, म्हणून हा धागा धरून बसलेय.

मोटारभरणी_सांगोला

कांदेवाले दादा, आधी एक सांगतो, मी इंजिनिअर नाही. सांगोल्याला बावीस वर्षं मोटारी भरतोय, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळतोय. हात तांब्याच्या तारेने कापलेले आणि वार्निशने काळे झालेले. गेल्या पाच-सहा वर्षांत दुकानात सोलरच्या मोटारी यायला लागल्या, तेव्हा मलाही हे नव्याने शिकावं लागलं. शिकताना एक मोटार घालवलीसुद्धा. तो किस्सा शेवटी.

तुमची मोटार चांगली आहे आणि पॅनलही बहुतेक बरोबर आहेत. तुमच्या 34 हर्ट्झमध्येच निम्मं उत्तर आहे.

लाईटची मोटार कशी चालते? तारेत 50 हर्ट्झ येतात, म्हणजे सेकंदाला विजेचे 50 हेलकावे, मोटार एकाच वेगाने फिरते, चालू किंवा बंद. मधलं काही नाही. सोलरचं तसं नाही. पॅनलमधून येते ती डीसी वीज. तुमचे नऊ पॅनल एकामागोमाग एक जोडलेत, त्यामुळे प्रत्येकाचे 40 व्होल्टच्या आसपासचे धरून सगळे मिळून साडेतीनशे-पावणेचारशे व्होल्ट होतात. कंट्रोलर ती वीज घेतो, तिची तीन फेजची एसी करतो आणि उन्हात जेवढा जोर आहे तेवढाच वेग मोटारीला देतो. कोवळ्या उन्हात 30, मग 35, मग 40, दुपारी 48-50. बैलाला चढ लागला की गाडीवान जसा हाकत हाकत नेतो, तसा तो डबा दर क्षणाला बघत असतो की अजून थोडं ओढलं तर पॅनल दमतंय का. दमलं की एक पाऊल मागे. ह्यालाच ते लोक एमपीपीटी म्हणतात.

आता मुद्दा. मोटारीचा वेग कमी झाला की पाणी त्याच मापात कमी होतं, असं आपल्याला वाटतं. पाण्याच्या बाबतीत ते बरंचसं खरंही आहे. पण पाणी किती *उंच* जाईल, ते वेगाच्या वर्गाने घसरतं. वेग निम्मा केला तर उंची निम्मी होत नाही, पाव होते. तुमच्या मोटारीच्या प्लेटवर सगळ्यात वरचं हेड, म्हणजे पाणी चढवायची उंची, किती लिहिलंय ते बघा. या मोटारींना साधारण 45 मीटर असतं, असं धरून चालतो. ते 50 हर्ट्झला. 34 हर्ट्झला किती? 34 भागिले 50, त्याचा वर्ग, गुणिले 45. येतात 21 मीटर. म्हणजे सकाळी साडेआठला मोटार पाणी 21 मीटर वर चढवून तिथेच धरून बसलीय. पाणी पाइपात उभं आहे! मळ्याचं तोंड त्याच्या वर आहे, म्हणून थेंब येत नाही. 37 हर्ट्झला हाच हिशोब केला तर साडेचोवीस मीटर. तुमची धार एकदम सुरू होते ती इथे.

तेव्हा विहिरीतल्या पाण्यापासून मळ्यातल्या तोंडापर्यंतची खडी उंची 24 मीटरच्या आसपास असणार, हे मी सांगोल्यात बसून सांगतो. 45 फूट विहिरीतले, उरलेले 30-35 फूट जमिनीचा चढ. बरोबर का?

उलट्या फिरण्याची शंका तुमच्याकडे मला पटत नाही. उलटी फिरणारी मोटार पाणी देते, पण फार थोडं, आणि आवाजही खरखरतो. तरी खात्री करायची असेल तर कंपनीच्या माणसाला कंट्रोलरमधून मोटारीकडे जाणाऱ्या तीनपैकी दोन वायरी अदलाबदल करायला लावा. तुम्ही स्वतः हात घालू नका. उन्हात पॅनलची वायर मेलेली नसते, डबा बंद असला तरी. आणि डीसीची ठिणगी एसीसारखी विझत नाही, ओढली तर लांबते. पॅनलचं प्लग-कनेक्शन चालू मोटारीत ओढून काढणाऱ्याचा कोळसा झालेला अंगठा मी पाहिलाय.

आता दुपारचे 43 सेकंद. याचं कारण मला वेगळं दिसतंय. पण अंदाजाने बोलत नाही. शे-दोनशे रुपयांचं प्रेशर गेज आणा, विहिरीच्या काठावर डिलिव्हरी पाइपावर बसवा. दुपारी मोटार चालू असताना आकडा लिहा. मग मोटार बंद करा, दोन मिनिटं थांबा, पुन्हा आकडा लिहा. एनआरव्ही (पाणी मागे न येऊ देणारा व्हॉल्व्ह) धरत असेल तर पाइपातलं पाणी उभं राहील. दोन्ही आकडे इथे टाका.

कांदेवाला_आष्टी

प्लेटवर खरंच 45 मी. आहे! गेज बसवलं. चालू असताना 2.2 किलो. बंद केल्यावर बरोबर 1 किलोवर येऊन थांबलं. आणि बाभळीच्या दोन फांद्या तोडल्या, आता पाणी 15-20 मिनिटं लवकर येतं. दुपारचं बॅरल मात्र तेवढंच, 43.

मोटारभरणी_सांगोला

सापडलं.

1 किलो म्हणजे 10 मीटर पाण्याची उंची. बंद मोटारीत 1 किलो, म्हणजे मळा विहिरीच्या काठापेक्षा 10 मीटर वर, आपला अंदाज बरोबर. पण चालू असताना 2.2 का? तोंड तर तेच आहे, उंची तीच. वरचे 1.2 किलो म्हणजे 12 मीटर, ते तुमच्या 800 फूट दोन इंची पाइपाने खाल्ले. घर्षण. तुमची मोटार दुपारी 24 नाही, 36 मीटरवर पाणी फेकतेय. त्यातले 12 मीटर फुकट, पाइपाला घासण्यात.

म्हणजे चार मजली घराएवढ्या उंचीवर तुम्ही रोज कारण नसताना पाणी चढवताय. बसवणाऱ्याने एकदा तरी पाइपाचा व्यास विचारला होता का? सोलरमध्ये प्रत्येक वॅट मोजून येतो. लाईटवर हा तोटा बिलात लपतो, सोलरवर पाण्यात दिसतो.

अडीच इंची (75 एमएम) टाका. मग त्याच दुपारी घर्षण निम्म्याच्या जवळ येईल, बॅरल 36-37 सेकंदांच्या घरात भरेल असं माझं मत. पण एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर शिव्या देऊ नका: सकाळी पाणी लवकर येणार नाही. का? धार सुरू व्हायच्या क्षणी पाणी हलतच नसतं. हलत नाही तर घासणार कुठे? तेव्हा फक्त 24 मीटरची खडी उंची आड येते, ती पाइप बदलून कमी होत नाही. सकाळसाठी बाभूळ पूर्ण काढा, आणि पॅनलचा सांगाडा फिरवता येत असेल तर सकाळी पूर्वेकडे, दुपारी दक्षिणेला, नंतर पश्चिमेकडे करा.

सावलीचं तुम्ही अनुभवलंच. सगळे पॅनल एकाच रांगेत जोडलेले, त्यामुळे करंट सगळ्यांतून एकच वाहतो. एका पॅनलवर फांदीची सावली आली की पाण्याच्या नळीवर कुणी पाय ठेवावा तसं होतं. आतल्या बायपास डायोडमुळे पूर्ण बंद पडत नाही, पॅनलचा एखादा भाग वगळला जातो. पण व्होल्ट कमी होतात, आणि सकाळी मुळात व्होल्टांचीच चणचण असते.

चुलत्यांच्या मोटारीशी बरोबरी सोडा. त्यांना सकाळी सातपासूनच पूर्ण पाच एचपी मिळते, लाईट असेपर्यंत. तुम्हाला पाच एचपीचं पाणी फक्त दुपारचे दोन-तीन तास मिळणार. पॅनलवर 4860 वॅट लिहिलंय, पण ते 25 अंशांच्या पॅनलवर मोजलेले असतात. आपल्याकडे उन्हात पॅनलची काच 60-65 अंश तापते आणि दर अंशाला साधारण एक टक्क्याचा तिसरा हिस्सा जातो. उन्हाळ्यात बारा-चौदा टक्के तिथेच गेले.

निवृत्त_मास्तर

मोटारभरणीवाल्यांचं गणित तपासलं, चुकलेलं नाही. भर एवढीच घालतो की प्रश्नकर्त्याची खरी चिंता ‘पुरेल का’ ही होती, तिचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

200 लिटर 43 सेकंदांत, म्हणजे सेकंदाला 4.65 लिटर. आपल्याकडे हिवाळ्यात पूर्ण जोराचं ऊन साधारण पाच तासांएवढं धरावं. आठ तास असतं, पण सकाळ-संध्याकाळचं मिळून पाच. म्हणजे दिवसाला 80 हजार लिटरच्या वर. आता जमीन. एका एकरावर 1 मिलिमीटर पाणी म्हणजे 4047 लिटर, सोयीसाठी चार हजार. कांद्याला ऐन वाढीत रोज 5 मिलिमीटर धरा: एकराला 20 हजार, दोन एकरांना 40 हजार. सरी-वाफ्यात वाया जाणारं धरलं तरी पुरतं. पाइप बदलण्याआधीही पुरतं! विहिरीला तेवढा झरा आहे का, हा प्रश्न मात्र पंपाचा नव्हे.

कांदेवाला_आष्टी

मास्तर, झरा सावकाश आहे. लाईटवर असताना तीन तासांत विहीर तळाला जायची, मग गाळ ओढायची. हल्ली तसं होत नाही, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

मोटारभरणी_सांगोला

तेच. हळू ओढली की झऱ्याला वेळ मिळतो.

ताई_मंठा

माझा प्रश्न ठिबकचा. मोसंबीला चार व्हॉल्व्ह आहेत. दुपारी ठीक चालतं, पण सकाळी आणि ढगाळ दिवशी शेवटच्या ओळीला पाणीच पोहोचत नाही, नळ्या लोळागोळा होऊन पडतात. ठिबकवाला म्हणतो एक किलो प्रेशर पाहिजे. सोलरवर ठिबक होतच नाही असंही सांगतात. मग काय, शेततळं करायचं?

मोटारभरणी_सांगोला

ताई, शेततळं असेल तर उत्तमच. दिवसभर जसं येईल तसं पाणी तळ्यात टाका आणि तिथून द्या. पण तळ्याचा खर्च होण्याआधी हे करून बघा: सकाळी चारही व्हॉल्व्ह उघडता ना? एकच उघडा.

कारण ऐका. ऊन थोडं आहे, म्हणजे ताकद थोडी. ती ताकद चार व्हॉल्व्हना वाटली तर पाणी बरंच वाहतं पण प्रेशर कुठेच नसतं. एकच उघडला की मोटारीवर पाण्याचा बोजा कमी होतो, तेवढ्याच उन्हात कंट्रोलर तिला जास्त हर्ट्झवर नेतो आणि प्रेशर चढतं. डब्याकडे बघत व्हॉल्व्ह बंद करा, आकडा चढताना डोळ्यांनी दिसेल. साडेअकराला दुसरा उघडा, ऊन चढेल तसा तिसरा. उतरत्या उन्हाला उलट्या क्रमाने बंद. ढगाळ दिवशी एकावरच समाधान मानायचं. आणि सँड फिल्टर रोज उलटा धुवा. घाण फिल्टर अर्धा किलो सहज खातो, सोलरवर अर्धा किलो म्हणजे सकाळचा एक तास.

अगदीच सगळे व्हॉल्व्ह बंद करून मोटार चालू ठेवू नका. पाणी फिरत नाही, मोटार गरम होते.

पॅनल धुणं: पहाटे किंवा सूर्य मावळल्यावर. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारायचं नाही. आणि क्षाराचं पाणी असेल तर वायपरने निपटून घ्या, नाहीतर पांढरे डाग बसतात, ते धुळीपेक्षा वाईट.

आता कबूल केलेला किस्सा. पहिली सोलरची मोटार दुकानात आली तेव्हा मी तिला नेहमीच्या 415 व्होल्टच्या हिशोबाने टर्न (तारेचे वेढे) टाकून भरली. तार चांगली, काम सफाईदार. शेतावर नेऊन टाकली तर 30 हर्ट्झच्या वर जाईना, घुरघुर करून कंट्रोलर फॉल्ट दाखवायचा. दोन दिवस मी पॅनललाच दोष दिला. मग प्लेट घासून वाचली. बऱ्याच सोलर मोटारी मुळातच कमी व्होल्टच्या भरलेल्या असतात, कारण पॅनलमधून एवढेच व्होल्ट येतात. जास्त टर्नची मोटार त्या व्होल्टवर ताकदच धरत नाही. पुन्हा उपसली, पुन्हा भरली, तांब्याचे पैसे माझ्या खिशातले. म्हणून सांगतो, पाच वर्षांची वॉरंटी आहे तोवर मोटार गावातल्या भरणीवाल्याकडे नेऊ नका, माझ्याकडेसुद्धा. वॉरंटी संपल्यावर न्यायची वेळ आली तर त्याला आधी प्लेट वाचायला लावा.

काळीमाती

बरं, खेळणं म्हणालो ते मागे घेतो. अर्धं.

एक विचारतो: कांदा काढला की दोन महिने सोलरची मोटार बंद असते. त्या विजेवर कडबाकुट्टी चालेल का?

मोटारभरणी_सांगोला

युनिव्हर्सल कंट्रोलर असेल तर कुट्टी, पिठाची गिरणी चालते. साधा पंपाचा कंट्रोलर असेल तर नाही, आणि जुगाड करू नका, वॉरंटी जाते. डब्यावर काय लिहिलंय ते बघा.

ताई_मंठा

एकच व्हॉल्व्ह उघडून बघितला. सकाळी साडेनऊला शेवटच्या झाडाखाली माती ओली. ठिबकवाल्याला बोलावून दाखवलं, तो काही बोलला नाही.

कांदेवाला_आष्टी

मंडळी, उशीर झाला कळवायला. उसने पैसे काढून 75 एमएमची लाईन टाकली. बॅरल 37 सेकंद. गेज चालू असताना 1.6 आणि थोडं वर. सकाळी धार मात्र तेवढ्याच वाजता येते, भरणीवाले भाऊ बोलले तसंच. बाभूळ पूर्ण काढायला आई तयार नाही, शेळ्यांना शेंगा लागतात.

चुलत्यांनी त्यांचं बॅरल पुन्हा मोजलं. 30 नव्हे, 33 आलं.

मोटारभरणी_सांगोला

झकास. जुना 63 चा पाईप अजून जमिनीतच असेल तर दोन्ही टोकांना टी टाकून दोन्ही लाईनी जोडा. पाणी दोन वाटांनी जाईल, घर्षण आणखी उतरेल. फुकटातला फायदा आहे.

कांदेवाला_आष्टी

काल उकरून विकला की हो.